पादपूजेचं पाणी

मुखेड, ११ जुलै २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस दानम्मा मावशीचे आशीर्वाद.

पत्र बघून हसशील. म्हणशील, घरात तीन फोन असून मावशीला पोस्टाचं तिकीट कामून सुचलं. तर ऐक. मला कमी ऐकू येतं म्हून मी मोठ्यानं बोलते, अन् मी फोनवर बोलले की अख्ख्या गल्लीला कळतं. टचचा फोन सुनेच्या हातानं चालतो, अन् जे सांगायचं हाय ते सुनेबद्दलच हाय. सातवी पास हाय मी, लिहिता येतंय अजून. जवाब घरच्या पत्त्यावर धाडू नको. मलप्पा किराणा, बाजार लाईन, असं लिही. मलप्पा आपला माणूस हाय, साखरेच्या पुड्यात घालून देईल.

आमच्या मालकांचे, अप्पाचे पाय बिघडले बाई. बोटांच्या मुळापासून घोट्यापर्यंत, वरच्या अंगाची कातडी लाल होऊन जाड पडली. खाजवून खाजवून पाणी येतं. दोन्ही पायाला सारखंच. जरा बरं वाटतं, पुन्हा उठतं. बाहेर जाताना मोजे घालतात अन् थंडी वाजती म्हणतात, ते बी उन्हाळ्यात. दुसऱ्याचं राहू दे, पण ते स्वामी हायत. त्यांच्या पायावर पाणी घालून लोक ते तीर्थ म्हून घेतात. गल्लीतल्या रामलिंगच्या घरी वास्तू झाली तर पादपूजेला उदगीरचे स्वामी बोलावले, आपल्या घरी नुसतं जेवणाचं आवतण. त्याच्या बायकोनं पाणवठ्यावर महारोग हा शब्द काढला म्हणे.

आता माझा शक सांगते. वर्षाराणी घरात येऊन दोन वर्षं होत आली. माझे गुडघे गेले तसं सकाळच्या पादपूजेचं पाणी, ताट, सगळं तिच्याकडं गेलं. अन् तवापासूनच पायाचं सुरू झालं. पोरगा शिवप्रसाद नांदेडला ट्रॅक्टरच्या शोरूमला हाय, शनिवारी येतो. हिला त्याच्याजवळ नांदेडला ऱ्हायचंय. अप्पाची पादपूजा बंद पडली की मुखेडचं घर कशाला पाहिजे? समजलं का? गोड बोलती, मान खाली घालून काम करती. असल्यांचीच भीती असती.

तू लातूरला कातडीच्या डॉक्टरणीकडं दिवसभर लोकांचे पायच बघतीस. पाण्यात काय कालवलं की असं उठतं, तेवढं सांग. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी मठाची मंडळी घरी येतात. तवर काही घावलं तर चारचौघात तिला उभी करीन अन् लोह्याला बापाकडं धाडीन, कायमची.

तुझी मावशी
दानम्मा

—

लातूर, १७ जुलै २०२५

ती. दानम्मा मावशीस शिवकन्याचे शरणार्थ.

तुझं पाकीट बघून आमचा कंपाउंडर म्हणाला, ताई, कोर्टाची नोटीस आली काय. मी म्हणलं, त्याहून वाईट, मावशीचं पत्र आहे.

आधी महारोगाचं. त्याचा चट्टा बहुतेक मुका असतो, खाजत नाही, तिथं हात लावलेला कळत नाही. अप्पा तर खाजवून बेजार आहेत म्हणतेस. तरी खात्री कर. त्यांना डोळे मिटायला सांग, कापसाची बारीक वात करून चट्ट्यावर हळूच टेकव, अन् कुठं टेकवली ते बोटानं दाखवायला लाव. बरोबर दाखवलं तर निम्मी काळजी गेली. अन् रामलिंगच्या बायकोला सांग, महारोगालाही आता औषध आहे, तो पूर्ण बरा होतो, त्याचं नाव घेऊन माणूस वाळीत टाकायचे दिवस गेले.

न बघता सांगणं अवघड आहे मावशी. माझ्यापुढं लाल पाय आला की मी पहिल्यांदा तो लाल कुठं आहे ते बघते. बोटांच्या बेचक्यात पांढरी, भिजल्यासारखी कातडी असली तर बुरशी. तळव्यावर जाड थर, काठ रेघ मारल्यासारखा, अन् कोपरा-गुडघ्यावरही पापुद्रे असले तर सोरायसिस. चपलेच्या पट्ट्याखालीच उठलं असेल तर चप्पल दोषी. अप्पांचे पाय रोज भिजतात, म्हणून माझा अंदाज बुरशीचा आहे. पाय धुतले की मऊ फडक्यानं बेचक्यांसकट कोरडे करत जा. अन् मेडिकलवाल्यानं मनानं दिलेली ट्यूब लावत असाल तर बंद करा. ती आठ दिवस गोड बोलते अन् मग कातडीचा पार कागद करते. लावताय का? खरं सांग.

राहिलं सुनेचं. पाण्यात काही कालवलं असतं तर ते तळव्यालाही लागलं असतं, अन् तीर्थ घेणाऱ्यांच्या तोंडालाही. अन् तिचे स्वतःचे हात? ते बघितलेस का? मावशी, पोरीवर एवढा मोठा आळ घ्यायच्या आधी अप्पांना एकदा लातूरला आण.

तुझी
शिवकन्या

—

मुखेड, ६ ऑगस्ट २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस आशीर्वाद.

कापसाची वात टेकवून बघितली. जिथं टेकवीन तिथं बरोब्बर बोट ठेवलं, वरतून हसाया लागले, गुदगुल्या होतात म्हणे. म्हंजी महारोग न्हाई. त्या दिवशी मी पोटभर जेवले. बेचक्या बी कोरड्या हायत, तिथं काही न्हाई. तुझी बुरशी खोटी निघाली. ट्यूब म्हणशील तर कोण लावतंय ट्यूब? आमच्या घरात तसलं काही नसतं.

आता खरी गंमत ऐक. पंचमीला सून माहेरी गेली. तितके दिवस मीच गुडघे धरून पादपूजा केली, आडाचं पाणी, परसातलं बेलपान, इभूत. अन् पाय सुधारले! लाली उतरली, खाज निम्म्यावर आली, रात्री झोप लागाया लागली. परवा ती परत आली, माहेरचं मोठेपण दाखवायला टोपलीभर शेवंती घेऊन. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी घातलं, अन् आज सकाळी पाय टरारून सुजलेत. आता बोल. आता बी माझाच शक खोटा?

तिचे हात बघ म्हणलीस ना. बघितले. बोटाच्या शेंड्याला चिरा हायत. विचारलं तर म्हणली भांड्याच्या पावडरनं झालंय. मी काय आज जन्मले? जे कालवती त्यानंच हात बी फुटले असणार.

मी बी गप बसले न्हाई. काल पूजेचं उरलेलं पाणी तांब्यात झाकून ठेवलं अन् शेरडीला पाजलं. मेली न्हाई, दूध दोन घोट जास्तच दिलं बया. मंग आज आडातून पाणी मी स्वतः शेंदून दिलं, तिला हात लावू दिला न्हाई. तरी पाय उठलेच. म्हंजी पाण्यात न्हाई, तिच्या हातातच काहीतरी हाय. करणी म्हण, दवा म्हण. शिवप्रसादला सांगितलं तर पोरगं खाली बघून बसलं. बायकोचं ऐकणारा मुका होतो, दुसरं काय.

अप्पाला विचारलं तर नुसतं म्हणतात, जाऊ दे. त्यांना बी तिनं काय खाऊ घातलंय देव जाणे. लातूरला यायचं नाव काढलं तर श्रावण झाल्यावर बघू म्हणले.

१८ तारखेला शेवटचा सोमवार. माझं ठरलं हाय.

मावशी

—

मुखेड, ९ ऑगस्ट २०२५

सौ. शिवकन्याताई यांस,

मी वर्षाराणी, तुमच्या मावशीची सून. तुम्ही माझ्या लग्नाला आला होता, आपलं नीट बोलणं झालं नव्हतं. मागच्या महिन्यात मलप्पाच्या दुकानात साखर आणायला गेले तर पुड्यात तुमच्या नावाचं पाकीट दिसलं. मी उघडलं नाही, तशी शिकवण नाही आमच्याकडं. पण ज्या घरात राशनच्या दुकानातलं बोलणंही फोनवर होतं, तिथं पत्रं चोरून येतात म्हणजे ती माझ्याबद्दलच असणार, एवढं मला कळतं. बी.ए. झालेय मी.

आत्याबाई पूजेचं पाणी शेरडीला पाजताना मी खिडकीतून बघितलं. त्या दिवशी मी जेवले नाही, कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता माझ्या माघारी माझी ट्रंक उघडतात, पुन्हा घडी घालून ठेवतात, पण घडी त्यांच्या पद्धतीची असते. ताई, तुम्ही त्यांना काय काय लिहिता? माझ्या जागी दुसरी कोणी आणायचं चाललंय का? असेल तर सरळ सांगा. मी नांदेडला जायचं म्हणाले होते हे खरं आहे. नवऱ्याजवळ राहावं वाटणं हा काय गुन्हा झाला? पण अप्पांचे पाय बिघडवून मी जाईन?

माझे वडील आनंदराज. लोह्याजवळ आमची शेवंती आहे, बारा महिने कुठली ना कुठली जात चालू असते. लग्नात वडील म्हणाले होते, आपण मोठं काही देऊ शकत नाही, पण मळ्यातली पहिली तोड स्वामींच्या पायावर जाईल. तेव्हापासून एसटीनं फुलं येतात अन् मी रोज सकाळी अप्पांचे पाय धुऊन, ओल्या पायांवर फुलं दाबून रचते, घोट्यापर्यंत. पूजा होईपर्यंत तशीच राहू देते. फार सुंदर दिसतं ताई. आत्याबाई नुसतं बेलपान ठेवायच्या. मी अप्पांना वडिलांसारखं मानते. वडिलांनाही तोडणीच्या दिवसांत मानेला अन् हाताला खाज सुटते, कातडी फुटते, तेव्हा आई खोबरेल चोळते. तसंच अप्पांना करू का म्हणलं तर आत्याबाई तेलाची वाटी हुंगून बघतात.

माझा विश्वास तुमच्यावर नाही, खोटं कशाला बोलू. पण दुसरं कोणाला लिहिणार?

वर्षाराणी

—

लातूर, १३ ऑगस्ट २०२५

ती. मावशीस शरणार्थ.

हे पत्र उभ्या उभ्या वाच अन् लगेच कामाला लाग. मी आत्ताच फोन केला होता. तू "पत्रात लिही" म्हणून ओरडून ठेवून दिलास, पुन्हा केला तर उचलला नाहीस.

वर्षाराणीनं काही कालवलेलं नाही. मला वाटतं, दोष शेवंतीचा आहे. काही जणांच्या कातडीला ते फूल सोसत नाही. आज लावलं अन् आज उठलं असं नसतं, रोज रोज लागून कधीतरी अंग त्याच्याशी वैर धरतं, मग दर वेळी उठतं. ओल्या कातडीवर तर जास्तच. म्हणून तळवे चांगले, बेचक्या चांगल्या, अन् फुलं रचतात तेवढाच भाग लाल. ती माहेरी गेली तेव्हा तू बेलपान वापरलंस, पाय सुधारले. ती टोपली घेऊन आली, पाय उठले. तिच्या बापालाही तोडणीत खाज सुटते, तिच्या बोटांच्या चिराही बहुधा त्यानंच. तू सगळं बरोबर बघितलंस मावशी, फक्त माणूस चुकीचा धरलास.

आजपासून शेवंती बंद, झेंडूही नको, तो त्याच कुळातला. साध्या पाण्यानं पाय धुवा, टिपून घ्या, ओलसर असतानाच साधं व्हॅसलीन लावा. आमच्या डॉक्टरबाई म्हणतात, पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली की पक्कं कळेल. तोवर मी छातीठोक सांगत नाही. पण सोमवारी काही बोलू नकोस. तुला माझ्या आईची आण आहे.

शिवकन्या

—

मुखेड, २१ ऑगस्ट २०२५

शिवकन्या,

तुझं पत्र मंगळवारी हातात पडलं. मधी पंधरा ऑगस्ट, मंग दहीहंडी, मंग इतवार. पोस्टाला सुट्ट्या. एवढंच कळत होतं तर बसमधी बसून कामून आली न्हाईस? लातूर काय काशीला हाय?

सोमवारी मठाची मंडळी आली. पादपूजा झाली. लोक तीर्थाला हात पुढं करायच्या आत मी उठले. म्हणलं, थांबा. अन् तांब्या सुनेपुढं धरला. म्हणलं, "आधी हे पाणी तू पी."

शिवप्रसाद उठला अन् पुन्हा बसला. अप्पानं डोळे मिटले. पोरीनं माझ्याकडं बघितलं, तांब्या घेतला अन् एका दमात रिकामा केला. पदरानं तोंड पुसलं, तांब्या माझ्या पायाशी ठेवला. मंग आत जाऊन पिशवी घेतली अन् स्टँडवर गेली. रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र. मी चार वेळा वाचलं अन् तरी मन मानत न्हाई. फुलानं कुठं पाय सडतो का गं? आपण देवाला फुलं वाहतो, देवाच्या अंगावर कधी खरूज उठली? तिनं तुला पत्र लिहिलं हे मलप्पाकडून कळलं. तिनंच तुला पढवलं नसेल कशावरून? मी कोणाचा भरोसा धरू?

अप्पा तीन दिवस झाले माझ्याशी बोलेनात. उद्या शिवप्रसाद त्यांना घेऊन लातूरला येतोय. तुझ्या डॉक्टरणीला म्हणावं, खरं असेल ते सांग. माझ्या मनासारखं नको.

दानम्मा

—

लातूर, २ सप्टेंबर २०२५

ती. मावशीस शरणार्थ.

अप्पा माझ्याकडं राहिले, जेवले, नातवंडांना वचनं म्हणून दाखवली. पाठीवर पट्ट्या लावल्या होत्या, बेलाची, विभूतीची, चपलेच्या रबराची, शेवंतीची. दोन दिवसांनी काढल्या, पुन्हा दोन दिवसांनी बघितल्या. बाकी सगळी पाठ कोरी. शेवंतीच्या जागी लाल फोडांचा चौकोन. डॉक्टरबाईंनी शिवप्रसादला जवळ बोलावून दाखवला. तो बाहेर जाऊन जिन्यात बसला.

मलम दिलंय, सांगितलेत तेवढेच दिवस लावायचं, मग हळूहळू कमी. अन् हो, अप्पांच्या झोळीत ती मेडिकलची ट्यूब सापडली, शेवटपर्यंत पिळलेली. तू रोज रात्री लावून देतेस म्हणाले. "आमच्या घरात तसलं काही नसतं" असं तूच लिहिलं होतंस ना? कातडी त्यानं पातळ झाली आहे, भरायला वेळ लागेल.

आता जे सांगते ते बसून वाच. पट्टीचा निकाल ऐकून अप्पांना नवल वाटलं नाही. मी त्यांच्या पायाला मलम लावत होते. विचारलं, अप्पा, तुम्हाला कधी शंका आली नव्हती का? म्हणाले, "मला गेल्या दसऱ्यालाच कळलं होतं. फुलं ठेवली की आग व्हायची."

मग सांगितलं का नाही, असं मी जरा चढ्या आवाजातच विचारलं. म्हणाले, "तिच्या बापाच्या मळ्यातली पहिली तोड. पोर एवढ्या भक्तीनं रचते. नको कसं म्हणू? पाय तर माझेच जळत होते."

मी म्हणलं, अन् सोमवारी? सोमवारी कुणाचं काय जळत होतं? त्यांनी पाय मागं ओढला. मी तो पुन्हा मांडीवर घेतला अन् मलम लावून पुरं केलं. मावशी, मला त्यांचा रागही आला अन् दयाही. तुझा तर नुसता रागच आला. तू निदान शंका तोंडानं बोललीस. त्यांना उत्तर ठाऊक होतं अन् ते डोळे मिटून बसले, म्हणून दोघांचं माप सारखंच.

वर्षाराणीला मी लिहिलं आहे. उत्तर नाही.

शिवकन्या

—

मुखेड, १४ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. शिवकन्या हीस मावशीचे आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी अप्पाला जे बोलले ते लिहीत न्हाई, कागद जळेल. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना असं कधी बोलले न्हाई. मंग लाज वाटली. तांब्या काय त्यांनी धरला होता?

दसरा झाल्यावर आम्ही दोघं एसटीनं लोह्याला गेलो. शिवप्रसाद येतो म्हणला, मी नको म्हणलं, तो आधी दोनदा जाऊन हात हलवीत आला होता. मळ्यात शेवंतीची तोडणी चालू होती, म्हून अप्पा रस्त्याच्या कडेलाच दगडावर बसले. आनंदराज इवाई धावत आले, पाणी दिलं, चहा दिला. बिचाऱ्याला वाटलं त्याच्या फुलानं स्वामींचे पाय नासले, तोच हात जोडून उभा. अप्पा त्याच्यापुढं, शेजारच्या मळेकऱ्यांपुढं बोलले की मला ठाऊक होतं अन् मी गप राहिलो, पोरीचा काडीचा दोष न्हाई. मी बी बोलले. काय बोलले ते आठवत न्हाई, मला ऐकू बी येत न्हवतं. वर्षाराणी बांधावर उभी राहून सगळं ऐकत होती. मंग म्हणली, कपडे घेते.

दिवाळीनंतर ती नांदेडला शिवप्रसादजवळ ऱ्हायला जाईल, हे मीच ठरवलं. तवर इथं हाय. अप्पाचे पाय आता बघशील तर ओळखू यायचे न्हाईत. खाज गेली, काळपट डाग तेवढे ऱ्हायलेत, व्हॅसलीन चालू हाय, ट्यूब मी उकिरड्यात टाकली. तिच्या बोटाच्या चिरा बी भरत आल्या. रामलिंगची बायको परवा पादपूजेचं आवतण देऊन गेली. पूजेला पुन्हा बेलपान अन् परसातली तगर.

तू म्हणशील, चला, सगळं नीट झालं. मला बी तसंच वाटलं होतं. पण सकाळी ती पादपूजेचा तांब्या भरून आणती, माझ्यापुढं उभी ऱ्हाती, त्यातला एक घोट घेती, अन् मगच अप्पाच्या पायावर पाणी घालती. रोज. कोणी सांगितलं न्हाई. तोंडावर राग न्हाई, काही न्हाई. मी म्हणलं, पोरी, बस कर, मी चुकले म्हणलं ना. तर म्हणली, "राहू द्या आत्याबाई. असू द्या खात्री."

काल मी तिच्या हातातून तांब्या घेतला अन् तिच्या आधी मीच प्याले. तिनं मला पिऊ दिलं. तांब्या परत घेतला अन् तरी बी आपला घोट घेतलाच.

मावशी
दानम्मा